जुलैचा बेत

जून सरत आला की मी वही काढते.
मागच्या पानावर गेल्या वर्षीची यादी,
शाई फुटलेली,
'मीठ' या शब्दाचा नुसता ढग झालेला.
मीठ जेवणाचं नव्हे, जळवांचं.

आम्ही सात जण, शिलाँगच्या जुन्या ट्रंक एक्स्चेंजमधले.
तीस तीस वर्षं कानाला हेडफोन,
लोकांची बाळंतपणं, लोकांची भांडणं,
तीन मिनिटांत उरकलेले मृत्यू.
रिटायर झालो त्या दिवशी बाह स्खेम म्हणाला,
आता कुठेतरी जाऊन गप्प बसू या.
सगळे एकाच वेळी हो म्हणाले,
नोकरीत कधी झालं नव्हतं असं.

पुतणी म्हणते, मावशी, डिसेंबरात जा की.
आभाळ धुतलेलं असतं, नदीचा तळ दिसतो.
दिसतो ना. आणि तळावर
होड्यांच्या सावल्या एकीला एक चिकटून.
जुलैत मात्र सोहराच्या खालच्या अंगाला
चिटपाखरू फिरकत नाही.
धबधबेसुद्धा धुक्यातच पडतात,
कुणासाठी म्हणून नाही.

तर बेत असा:
सुमो बानतेइलांगची, पहाटे पाचला.
रस्ता खचला तर खचला तिथून पायी.
तुंगताप फिडालियाकडे, तीन पिशव्यांत गच्च बांधून
(गेल्या वेळी सुमोला महिनाभर सुक्या मासळीचा वास होता,
बानतेइलांगनं अजून माफ केलेलं नाही).
सुपारी-पान रिडालिनकडे. तांदूळ मी.
छत्र्या कुणीच नाही. तिथला वारा छत्री
उलटी करून परत करतो.
प्रत्येकाला एक क्नुप, बांबूचं,
पाठीवर घेतलं की माणसाचं कासव होतं
आणि हात मोकळे राहतात.

नियम एकच: गरजेपुरतं बोलायचं.
पहिल्या वर्षी स्खेमला सकाळी नऊपर्यंतच
अकरा वेळा गरज पडली.

मग घराचा फोन.
काँग ब्याक्मेन दर मे महिन्यात पत्र्यावर
गवताचे जाड पेंढे अंथरते,
तिथे सगळेच अंथरतात, नाहीतर पावसात
बायकोला नवऱ्याचं ऐकू येत नाही.
मी तिला सांगते, आमच्या खोलीवर नको.
दर वर्षी ती विचारते, डोकं ठिकाणावर आहे ना?
दर वर्षी मी म्हणते, आहे.

थेइलिनचं नाव मी काढत नाही.
चार वर्षं झाली, तिचे कान विझत चाललेत.
शहरात ती सगळ्यांच्या मागून हसते,
अर्ध्या क्षणानं,
आणि तो अर्धा क्षण तिला कळतो.
एकेकाळी नुसत्या श्वासावरून ओळखायची,
पलीकडे कोण आहे, लाइन तुटेल की टिकेल.

उघड्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला
की आम्ही सातही जण ठार बहिरे.
ओठ हलतात, कळत काही नाही.
मीठ मागितलं की मला चमचा मिळतो.
रिडालिन हवेत किटली काढते, स्खेम तिला टॉर्च देतो.
आणि थेइलिन चुलीपाशी बसून
सगळ्यांचे ओठ वाचत असते, निवांत.
दोन बोटं उचलून मला दाखवते: ती चहा म्हणतेय.
भुवई उडवते: तो उगाच बोलतोय.
एकेकाला दुसऱ्याशी जोडून देते,
हात अजून तसाच चालतो तिचा,
मधोमध, न चुकता,
जणू समोर बोर्ड आहे आणि दोऱ्या लोंबताहेत.

हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
परवा यादी तिच्या हातात दिली.
'यंत्राच्या बॅटऱ्या, थेइलिन' असं मी दर वर्षी लिहिते.
तिनं ती ओळ वाचली, पेन्सिल मागितली,
खोडली,
आणि खाली तिरक्या अक्षरात लिहिलं,
मीठ जास्त घे.